बावीस गोळ्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पोयाना गावाचे सरपंच माननीय कोर्नेल हांगानू. व्यासपीठावर बसलेले आदरणीय फादर इलारियोन. जिल्ह्याच्या पशुवैद्यक खात्याकडून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांचं नाव मला दारातच दोनदा सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यातून निसटलं. आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर झाम्फिरा क्रिशान, ज्यांना या खोऱ्यात कुणी नावानं ओळखत नाही, सगळे 'डॉक्टरीणबाई'च म्हणतात. समोर पहिल्याच रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले आमच्या मेंढवाड्याचे कारभारी बाची नीस्तोर. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी सावेता मावशी. आणि दाराशी उभे असलेले सगळे मेंढके बंधू, जे खुर्च्या कमी पडल्या म्हणून नव्हे, तर बाहेर बांधलेली कुत्री एकमेकांचे कान फाडतील म्हणून उभे आहेत. तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी साबिन त्रिफू. पलीकडच्या खोऱ्यातला. आठवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही. भाषण करायची ही माझी पहिलीच वेळ, म्हणून सगळं कागदावर लिहून आणलंय. सरपंचसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मेंढक्यांच्या वतीनं कुणीतरी चार शब्द बोलायला हवे होते. बाची नीस्तोरांना विचारलं तर ते म्हणाले, "मी आयुष्यभर मेंढरांशी बोललो, ती टाळ्या वाजवत नाहीत, तेच बरं." मग सरपंच माझ्याकडे वळले. तू देशोदेशी हिंडलेला माणूस, तुझी जीभ चालते, म्हणाले. कुत्री तोलायची ती गोष्ट सांग, लोक हसतील, मग जेवायला बसू.

तर आधी ती गोष्ट.

सहा उन्हाळ्यांपूर्वी मी बाचींच्या वाड्यावर मेंढका म्हणून लागलो. अठरा वर्षांचा होतो. आमच्याकडे तेव्हा अकरा कुत्री होती, आणि त्यांचा म्होरक्या होता कोद्रू. तीन वर्षांचा, रेड्याच्या डोक्याचा, करड्या रंगाचा. मी लागलो त्या आठवड्यातच डॉक्टरीणबाई डोंगर चढून वर आल्या. पाठीवर औषधांची पेटी, आणि हातात लोकरीचे गठ्ठे तोलायचा ताणकाटा. तो फांदीला टांगला, खाली घोंगडीची झोळी बांधली, आणि म्हणाल्या, एकेक कुत्रं आणा.

बाची म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, किलोवर विकायला काढलीत का आमची कुत्री?"

त्या म्हणाल्या, "विकली तर तुमच्यापेक्षा जास्त भाव येईल. आणा."

कोद्रूला झोळीत घालायला चार माणसं लागली. तो आत गेला आणि एकदम शांत झाला. पाय लोंबकळत, नजर आकाशाकडे, जणू सगळ्या अब्रूवर पाणी सोडलंय. सावेता मावशी पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिच्या चुलीवरचा घाटा करपला. हो, हसा, हसण्यासारखंच होतं ते. काटा म्हणाला एकेचाळीस किलो. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. या हाडाच्या कुत्र्याला पन्नास हवेत, म्हणाल्या. आणि मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्यासारख्या नवख्या पोराला, आणि जे शिकवलं ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणाल्या, मूठ वळ. दुसऱ्या हातानं बोटांच्या पेरांवरून हात फिरव. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो उपाशी आहे. आता मूठ उघड, तळहातावरून हात फिरव. अशा लागल्या, म्हणजे लागल्याच नाहीत, तर तो जाडा झालाय, अस्वलाच्या मागे तो धावणार नाही. आता हात पालथा कर, वरून हात फिरव. हाडं लागतात, पण टोचत नाहीत? कामाचं कुत्रं असं हवं.

मी नंतर जर्मनीत शतावरीच्या शेतात राबलो, स्पेनमध्ये प्लास्टिकच्या छपराखाली स्ट्रॉबेरी खुडल्या, इटलीत एका म्हाताऱ्याची सात महिने सेवा केली. त्या म्हाताऱ्याकडे एक इवलंसं पांढरं कुत्रं होतं, त्याला रोज वाफवलेली कोंबडी. मी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला तर निव्वळ तळहात. म्हाताऱ्याला म्हटलं, आजोबा, याला चालवा. तो म्हणाला, आधी मला चालवून दाखव. पण ते राहू द्या. मी भरकटतो, ही माझी खोड आहे, बाचींना ठाऊक आहे. सांगायचं इतकंच, की जिथं जिथं गेलो तिथं दिसेल त्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून मी हात फिरवत आलो. कुणी शिकवलं? या बाईंनी.

आपली कुत्री काय खातात, हे सभागृहात कुणाला सांगायला नको. मक्याच्या पिठाचा घाटा आणि चीज काढल्यावर उरलेली निवळ. आपले आजे हेच देत आले, पणजेही हेच देत आले. दिवसाला दहा कोस धावणाऱ्या, शिकारखात्याच्या कायद्यापायी गळ्यात लोढणं बांधलेल्या, रात्रभर वाड्याला फेऱ्या घालणाऱ्या जनावराला घाटा आणि निवळ. डॉक्टरीणबाईंनी भांडून भांडून त्यात चरबी घालायला लावली. पंजांच्या गाद्या रोज बघा, भेगांना मेंढीची चरबी लावा, हे शिकवलं. खिळ्यांच्या पट्ट्याखाली मान सोलवटते, तिथं आतून कातडं शिवा, हे शिकवलं. आणि एक नियम तर त्या दर वेळी निघताना म्हणायच्या, जसं फादर शेवटचं 'आमेन' म्हणतात तसं: कामाआधी पोट रिकामं, कामानंतर भरलेलं. भरल्या पोटी धावणाऱ्या कुत्र्याचं आतडं पिळतं, नाहीतर ते झाडाखाली आडवं होतं.

हा नियम लक्षात ठेवा. मी तो ठेवला नाही.

दुसरी गोष्ट होती फुप्फुसाची. वर डोंगरावर मेंढरू कापलं की पहिलं फुप्फुस म्होरक्या कुत्र्याचं. गरम, कच्चं, आणि ज्यानं सुरी चालवली त्याच्याच हातून. ज्या कुत्र्याला हा वाटा मिळत नाही, ते मेंढरं कुणाची हे विसरतं, असं आपण म्हणतो. म्हणतो ना? मी हात वर करायला सांगत नाही. सांगितलं तर फादरना आणि या पाहुण्यांना सोडून सगळ्यांना वर करावा लागेल.

डॉक्टरीणबाई तेवीस वर्षं एकच सांगत राहिल्या. मेंढराच्या फुप्फुसात, काळजात म्हणजे यकृतात, पाण्याच्या गाठी असतात. कुत्र्यानं ते कच्चं खाल्लं की त्याच्या पोटात बारीक जंत होतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. कुत्र्याला काही होत नाही. ते धावतं, भुंकतं, शेपूट हलवतं. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, ती त्याच्या केसांना लागतात, जिभेला लागतात, आणि जो माणूस त्याला कुरवाळतो त्याच्या हाताला लागतात. मग वर्षामागून वर्षं त्या माणसाच्या आत एक गाठ फुगत राहते. म्हणून आतडी-फुप्फुसं पुरा, नाहीतर पाऊण तास उकळा. आणि दर सहा आठवड्यांनी कुत्र्याला जंताची गोळी द्या.

सावेता मावशीनं त्यांचं ऐकलं होतं. आपल्या खोऱ्यात ऐकणारी बहुधा ती एकटीच. तिनं कुत्र्यांसाठी वेगळी कढई ठेवली. जे काही कापल्यानंतर उरेल ते त्यात, झाकण घालून, उकळी फुटल्यावर पाऊण तास. बाची कुरकुरायचे, "लाकडं काय तुझ्या बापानं तोडलीत?" ती म्हणायची, "नाही, तुझ्यानं. झाकण ठेव." आणि संध्याकाळी कळप उतरला की अकराच्या अकरा कुत्री तिच्याभोवती. ती पदरानं त्यांची तोंडं पुसायची, कानातली गोचिडं काढायची. कोद्रूचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याशी जे बोलायची, तसं ती बाचींशी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. माफ करा बाची, पण हे सगळ्या डोंगराला माहीत आहे.

सरपंचसाहेब घड्याळ बघतायत. साहेब, पाच मिनिटं संपली. मला आणखी थोडी हवीत. जेवण गार झालं तर मला बोल लावा. आता जे सांगणार आहे, ते या सभागृहात फक्त सत्कारमूर्तींना माहीत आहे, आणि त्यांनी मला ते सांगू नको असं बजावलं आहे.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी मला तेहेतीस गोळ्या दिल्या. मोठ्या कुत्र्यांच्या मोठ्या गोळ्या. अकरा कुत्री, तीन वेळा. कुत्री परक्याला हातभर जवळ येऊ देत नाहीत, काट्याच्या दिवशी चार माणसं लागली होती, आणि बाई दर वेळी एकट्या चढून येणार. म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. तूच देत जा, त्यांना तुझ्या हाताची सवय झालीये, म्हणाल्या.

पहिल्या खेपेला मी दिल्या. सगळ्यांनी गिळल्या, कोद्रू सोडून. तो गोळी गालात धरायचा आणि मी पाठ वळवली की थुंकायचा. मग मी सकाळीच, कळप निघायच्या आधी, त्याच्यासाठी घाट्याचा डोंगर केला, त्यात चरबी, त्यात चीज, आणि मधोमध गोळी. तो खातच सुटला. गोळी गेली. वर दोन माणसांचं खाणंही गेलं.

दुपारी वरच्या कुरणावर धुकं उतरलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. अस्वल आलं ते वाऱ्याच्या उलट्या बाजूनं. बाकीची कुत्री भुंकत सुटली, पण म्होरक्याशिवाय ती नुसती भुंकतात, धरत नाहीत. आणि म्होरक्या जरदाळूएवढं पोट घेऊन... जरदाळू नाही, कलिंगडाएवढं पोट घेऊन झुडपाखाली आडवा पडला होता. दोन मेंढ्या गेल्या. त्यातली एक गाभण होती.

बाचींनी मला एकच विचारलं. "कुत्रा कुठं होता?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, गोळीनं तो सुस्तावला.

तुम्हाला आत्ता लगेच कळलं, नाही? तो गोळीनं नाही, माझ्या घाट्यानं सुस्तावला होता. कामाआधी पोट रिकामं. पण मला त्या दिवशी ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. बाची म्हणाले, औषधानं कुत्र्याचं नाक मरतं, माझा बाप म्हणायचा ते खोटं नाही. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मी सुटलो. उरलेल्या बावीस गोळ्या तंबाखूच्या डबीत घातल्या, आणि डबी झोपडीच्या आढ्यात, वाशाच्या फटीत सारली. बाचींनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना वाटत राहिलं की मी देतोय.

बाची, बसा. विनंती आहे. एवढं ऐका, मग खुशाल जा.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाई आल्या. पाऊस भुरभुरत होता. झोपडीच्या पडवीत गुडघ्यावर कुत्र्यांच्या औषधनोंदीच्या पुस्तिका ठेवून त्या बसल्या.

"दिल्यास?"

"दिल्या."

"सगळ्यांना?"

"अकराच्या अकरा."

"कोद्रूनं थुंकली असेल."

"चीजमध्ये घातली. चाटून-पुसून खाल्ली."

चीज मी उगाच घातलं त्या वाक्यात. खोटं बोलताना माणूस वर थोडं चीज घालतो, म्हणजे ते घशाखाली उतरतं. त्या हसल्या, शाबास म्हणाल्या, आणि अकरा पुस्तिकांवर अकरा सह्या केल्या. त्यापुढच्या खेपेलाही तसंच. आणि मधल्या काळात आम्ही चार मेंढरं कापली. चारही वेळा सुरी माझ्या हातात होती. मावशीची कढई चुलीवर उकळत असायची, आणि मी वाड्यामागे जाऊन कोद्रूला त्याचा वाटा द्यायचो. गरम. कच्चा. मला वाटायचं, मी त्या कुत्र्याचं देणं फेडतोय. अस्वलाच्या दिवशी माझ्यामुळे त्याच्यावर आळ आला होता ना, त्याचं.

शरद ऋतूत, संत दुमित्रूच्या दिवशी, कळप खाली उतरले, ज्याची मेंढरं त्यानं नेली, आणि मी बस धरली. मग जर्मनी, मग स्पेन, मग ते इटलीतलं आजोबांचं कुत्रं. सहा वर्षं. मी कोद्रूची आठवण काढायचो. त्या डबीची एकदाही काढली नाही.

यंदाच्या वसंतात परत आलो. बाचींनी काही न विचारता ठेवून घेतलं. पहिल्या संध्याकाळी कळप उतरला, कुत्री उतरली, आणि कोद्रू, आता तोंड पांढरं झालेला, मागचा पाय ओढत चालणारा, सरळ सावेता मावशीकडे गेला. आणि मावशीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. तो तिच्या गुडघ्याला डोकं घासत राहिला, आणि ती तशीच उभी. "जा रे," म्हणाली, "जा, मला मनाई आहे."

मी बाचींना विचारलं, काय झालं. ते म्हणाले, तुला माहीत नाही? गेल्या वर्षी शहरात ऑपरेशन झालं. यकृतातून संत्र्याएवढी गाठ काढली. फुप्फुसात दुसरी आहे, ती काढता येत नाही, रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते. आणि मग म्हणाले, "त्या डॉक्टरणीनं आम्हाला बुडवलं. घरी बसून सह्या ठोकल्या तिनं."

कारण शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कुत्र्यांना औषध दिलं जातं का. पुस्तिका काढल्या. सगळ्या सह्या जागच्या जागी. मग गाव म्हणालं, औषध दिलं असतं तर हे झालंच नसतं, म्हणजे सह्या खोट्या. चौकशी लागली. पाहुणेसाहेब, तुम्हाला ती चौकशी माहीत असेल. त्यात डॉक्टरीणबाईंना विचारलं गेलं, गोळ्या गिळताना तुम्ही स्वतः पाहिलं होतं का? त्या म्हणाल्या, नाही. कुणाच्या शब्दावर सही केलीत? त्या म्हणाल्या, सही माझी आहे. बस. त्यापुढे त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना आज आपण त्यांना हा गुच्छ देतोय, ही शाल देतोय, आणि आपल्यातले निम्मे मनात म्हणतायत, बरं झालं गेली.

मी ते म्हणू देणार नाही.

मे महिन्यात झोपडीचं छप्पर उतरवलं, तेव्हा डबी हाताला लागली. पत्रा गंजला होता. आत गोळ्या कोरड्या ठणठणीत, जशा ठेवल्या तशा. मी डोंगर उतरलो, सरळ डॉक्टरीणबाईंच्या घरी गेलो. त्या सामान बांधत होत्या, लेकीकडे तिमिशोआराला जायचं म्हणून. टेबलावर डबी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं. मोजल्या. हळू मोजल्या, बोटानं एकेक सरकवत. मग चष्मा काढला.

मला वाटलं, त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "गोळी गिळताना कुत्र्याचा घसा हलतो, साबिन. मी कुत्र्याचा घसा बघायला हवा होता. मी तुझं तोंड बघितलं."

मी म्हणालो, मी सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, सांगून काय होणार? ही गाठ कुठल्या कुत्र्याची, कुठल्या वर्षाची, हे कुणालाच सांगता येत नाही. जंत काही पत्ता घेऊन येत नाही. कदाचित तू यायच्या आधीची असेल. सावेता आज निदान एका परक्या बाईला बोल लावते. उद्या तिला स्वतःच्या वाड्याला बोल लावावा लागेल, नवऱ्याच्या बापाच्या रीतीला लावावा लागेल, आणि त्या कुत्र्याला. राहू दे. माझं काय, मी चाललेच आहे. समारंभात बोलायला सांगतील तुला, तर ती तोलायची गोष्ट सांग.

ती मी सांगितली, बाई. तेवढं तुमचं ऐकलं. बाकीचं ऐकता आलं नाही. गेले तीन आठवडे मी त्यांच्या म्हणण्यावर विचार करतोय. जंत पत्ता घेऊन येत नाही, हे खरं. पण ही गोष्ट अशीच दबली, तर येत्या संत दुमित्रूच्या दिवशी प्रत्येक वाड्यामागे कुणीतरी गरम फुप्फुस घेऊन उभा राहील, आणि म्हणेल, औषधाचा काय उपयोग, सावेताच्या कुत्र्यांना दिलंच होतं की. दिलं नव्हतं. एवढंच मला सांगायचंय. पहिल्या खेपेनंतर कुत्र्यांना औषध दिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई खोट्या नाहीत. खोटा शब्द माझा होता, त्यांनी तो खरा धरला, एवढीच त्यांची चूक. आणि माझ्यासारख्याला खरं धरणं ही चूक असेल, तर ती बाचींनीही दोनदा केली आहे.

ही डबी मी इथे अध्यक्षांच्या टेबलावर ठेवतो. पाहुणेसाहेब, बावीस आहेत, मोजून घ्या, आणि माझं नाव लिहून घ्या. त्रिफू, साबिन. सही करतो. सुवाच्य करतो.

बाची, तुम्ही उभेच आहात. मी परत वाड्यावर यायचं की नाही, ते तुम्ही सांगाल तसं. सकाळची बस आहे, मला बसची सवय आहे. पण तुम्ही ठेवून घेतलंत, तर सुरी माझ्या हाती देऊ नका. कढईचं झाकण द्या.

आणि मावशी. मावशीसाठी मी कागदावर काहीच लिहिलेलं नाही. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. मावशी...

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. मावशी विचारतेय, "आज कोद्रूला गोळी दिलीस का?"

दिली, मावशी. आज सकाळी, रिकाम्या पोटी, वाड्याच्या दारात. मी जबडा धरला आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली. त्यांचा कामाचा आज शेवटचा दिवस, तरी त्या चढून आल्या होत्या. दोघांनी मिळून त्याच्या घशाकडे बघितलं. तो हलला. मग बाईंनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, म्हणाल्या, म्हाताऱ्या, अजून पालथा हात आहेस. आणि पुस्तिकेवर सही केली. या खोऱ्यातली त्यांची शेवटची सही ती आहे, आणि ती बघून केलेली आहे. पुस्तिका बाहेर कोद्रूच्या पट्ट्याला बांधली आहे. ज्याला बघायची त्यानं जाऊन बघावी. तो चावणार नाही, पण हात मात्र धुवा.

अध्यक्षमहाराजांनी दिलेल्या पाच मिनिटांची मी वीस केली, त्याबद्दल त्यांचे आभार. फादरांचे, पाहुण्यांचे आणि स्वयंपाकघरात ताटकळलेल्या सगळ्यांचे आभार. डॉक्टरीणबाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. असते तर ते तुम्ही तपासून घेतले असते, आणि यापुढे तसेच घेत जा. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, तर तेवढ्यापुरती माफी असावी. बाकी जे आहे, त्याची माफी मी इथे मागत नाही. त्यासाठी मी सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा राहतो. तिथून जाताना ज्याला जे बोलायचं, ते त्यानं तोंडावर बोलावं.

नमस्कार.